वॉर्डातला सासुरवास आणि खालून करपलेलं मन

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. वय २६, जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन चार वर्षं झालेली, गाव राधानगरीकडचं, कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात आयसीयूला ड्युटी. इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर म्हणतात, "तुला पास कुणी केलं गं?" बाकीच्यांना महिन्यात सात नाईट, तुला चौदा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तुझ्या चुका नावानिशी पडतात. आता बरोबरच्या मुलीही डबा खायला हाक मारत नाहीत. गेल्या महिन्यात तुझ्या बेडवरचे एक आजोबा गेले. तू नळ्या काढल्यास, बॉडी पॅक केलीस, केसपेपर पूर्ण केलास आणि तुला काहीच वाटलं नाही. त्या काहीच न वाटण्याची तुला भीती वाटली. आई म्हणते, सरकारी भरती निघेपर्यंत कळ काढ. तू विचारतेस, मी कमकुवत आहे का, आणि नोकरी सोडू का?

मी ३३ वर्षं याच कामात होते. आधी स्टाफ नर्स, मग इन्चार्ज, शेवटची काही वर्षं सहायक अधिसेविका. निवृत्त झाल्यापासून नर्सेस, आशाताई, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बायका यांच्यासोबत बसते आणि त्यांचं ऐकते. तेव्हा हे वाचून लिहितेय त्याहून जास्त पाहून लिहितेय.

तू कमकुवत नाहीस. जी खरोखर करपून गेलेली असते तिला आजोबा गेल्यावर काही वाटलं नाही याची खंतही उरत नाही. तुला ती आहे. ती धरून ठेव.

आता थोडं मागे जाते. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला, शिरोळ, हातकणंगले, कागलकडून येणाऱ्या आमच्या निम्म्या मुली घरीच अडकल्या. शहराचं पाणी बंद, टँकरवर सगळं चाललेलं. ज्या शहरात राहत होत्या त्यांनी दोन-दोन दिवस सलग वॉर्ड ओढला. लिनन रूममध्ये चादरी अंथरून पाळीपाळीनं दोन तास झोपायचं. तालमीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यातून भाकरी आणि पिठलं आणून देत होती. एवढं काम मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिलं नाही. आणि त्या आठवड्यात एकीच्याही तोंडून नोकरी सोडायची भाषा मी ऐकली नाही. पाणी उतरलं, मुली घरी गेल्या, झोपल्या आणि परत हसत कामाला आल्या.

त्याआधी काही वर्षं, दुसऱ्या एका रुग्णालयात, अगदी साध्या दिवसांत, पूर नाही, साथ नाही, पेशंटही नेहमीइतकेच असताना, एकाच वॉर्डातल्या तीन मुली वर्षभरात निघून गेल्या. एकीनं तर नर्सिंगच सोडलं. आज ती कापडाच्या दुकानात आहे. हुशार मुलगी. लहान बाळाची व्हेन पहिल्या टोचण्यात सापडायची तिला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला जे सांगायचंय ते दिसतं. कामाचा थकवा झोपेनं जातो. अपमान आणि एकटेपणा झोपून जात नाही, उलट झोपच घेऊन जातो. पुरात काम तिप्पट होतं, पण कुणी कुणाला कमी लेखत नव्हतं आणि कुणी एकटं नव्हतं. या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या की साधी आठ तासांची ड्युटीही माणसाला खाते.

बर्नआउट हा शब्द आता कुणीही कशालाही वापरतं, म्हणून तो कुठून आला ते सांगते. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथं मनापासून राबणारे तरुण स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे, रिकामे होताना त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर लिहिलं. म्हणजे हा शब्द कंपन्यांमधून आलेला नाही, आपल्यासारख्या काळजी घेणाऱ्यांकडे बघूनच तो सुचला. पुढं ख्रिस्तीना मास्लाक यांनी त्याचे तीन भाग दाखवले आणि १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासोबत ते मोजायची प्रश्नावली केली. पहिला भाग म्हणजे मनाची ताकद संपणं. दुसरा, समोरच्या माणसाला माणूस म्हणून न बघणं. 'सातवा बेड', 'ती स्ट्रोकची बाई' एवढंच उरतं. तिसरा, आपण काही कामाच्या नाही असं वाटू लागणं.

आपण घरी दूध तापवतो ना, आच मोठी राहिली की ते खालून लागतं. वरून पांढरंशुभ्र दिसतं, साय पण धरते, पण चव घेतली की कळतं. तुझ्यासारख्या मुली अशाच असतात. युनिफॉर्म स्वच्छ, चार्ट पूर्ण, औषधं वेळेवर. बाहेरच्याला काही दिसत नाही. आजोबा गेल्यावर तुला काही वाटलं नाही, ते मन मेल्यामुळं नव्हे. रोज एवढं आत येत होतं आणि ते ठेवायला कुठं जागाच नव्हती, म्हणून मनानं दार लावून घेतलं. आच कमी झाली, कुणीतरी जवळ बसलं, की ते दार उघडतं. मी उघडलेलं पाहिलंय, पुष्कळ वेळा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या केली. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द महत्त्वाचे. उद्या कुणी तुला म्हणालं, 'तुझा स्वभावच हळवा आहे, प्राणायाम कर', तर प्राणायाम जरूर कर, पण मूळ कारण तुझ्या स्वभावात शोधू नकोस.

आता छळाबद्दल. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगते, कारण आपल्या पेशात कडक असणं आणि छळणं यांची फार गल्लत होते.

माझे वडील तालमीत जायचे. वस्ताद किती कडक असतो हे मी लहानपणापासून ऐकलंय. पहाटे उठवणार, बैठका मारून घेणार, चुकलं तर पाठीत धपाटा. पण वस्ताद कुस्ती लावतो ती जोड बघून. नव्या पोराला कुणी मैदानात तयार मल्लासमोर ढकलत नाही. डाव चुकला तर तो डाव परत करून दाखवतात. आणि संध्याकाळी तोच वस्ताद विचारतो, खुराक घेतलास का? हा कडकपणा माणूस घडवतो. अशा इन्चार्ज मलाही मिळाल्या. एकीनं मला पहिल्या वर्षी इंजेक्शनचा डोस चुकीचा काढला म्हणून ट्रीटमेंट रूममध्ये नेऊन असं झापलं की मी रडले. मग दार बंद करून तिनं माझ्याकडून दहा वेळा हिशोब करून घेतला. आज त्या बाईंची आठवण आली की मी मनातल्या मनात पाया पडते.

छळ ओळखायला माझ्या मते चार गोष्टी बघाव्या. बोलणं चुकीबद्दल आहे की तुझ्याबद्दल. ते बाजूला नेऊन आहे की चारचौघांत. त्यातून तुला काही शिकायला मिळतं की नुसतं लहान व्हायला. आणि ते कधीतरी होतं की पुन्हा पुन्हा, ठरवून, तुला उलट काही करता येणार नाही अशा जागेवरून. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने असं चाललं तर तो छळ धरावा, असं त्यांनी म्हटलं. तुझं, तू लिहितेस त्याप्रमाणे, गेल्या दिवाळीपासून चाललंय. डबल नाईट लावणं, रजेचा अर्ज न बघता ठेवणं, ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या मुलीला देताना, मुद्दाम अर्धी माहिती सांगणं, डब्याला न बोलावणं, हे सगळं त्यातच येतं. यात कुणी हात उचलत नाही, शिवी देत नाही, म्हणून वर सांगायला गेलं तर 'एवढंच ना?' असं उत्तर मिळतं.

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे, सासुरवास. वॉर्डातही तोच चालतो. "आमच्या टायमाला आमी सोसलं, तुमाला काय झालंय?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. अमेरिकेतल्या नर्सेसनी १९८६ पासून या गोष्टीवर उघड लिहायला सुरुवात केली, तेव्हा हा एकट्या कोल्हापूरचा किंवा महाराष्ट्राचा रोग नाही. जिला कुणी सांभाळून घेतलं नाही ती पुढं दुसरीला सांभाळून घेत नाही.

मी पण हे केलंय, म्हणून लिहिते. इन्चार्ज असताना एका वर्षी माझ्याकडे ३० पेशंटना रात्री दोन मुली होत्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डला ३ रुग्णांमागे १ नर्स असावी, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आयसीयूत १ ला १, आणि रजांसाठी ३० टक्के जादा. कागदावर. रोज सकाळी राउंडला मोठे डॉक्टर मला सगळ्यांसमोर बोलायचे आणि ते मी जसंच्या तसं खाली ओतायचे. एकदा एका नव्या मुलीनं सलाईन संपलेलं बघितलं नव्हतं. मी पूर्ण वॉर्डासमोर तिला म्हणाले, तुझ्या आईला असं ठेवशील का? तिची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हाच माझा गुन्हा होता, कारण ती सहा महिने माझ्या हाताखाली होती आणि मी तिला एकदाही घरचं विचारलं नव्हतं. मी नंतर माफी मागितली, तिनं 'असू द्या मॅडम' म्हटलं, पण ती माझ्याशी परत कधी मोकळी झाली नाही.

हे सांगितलं ते तू तुझ्या इन्चार्जला माफ करावंस म्हणून नव्हे. छळणारी माणसं पुष्कळदा स्वतः करपलेली असतात, हे कळलं की त्यांची भीती थोडी कमी होते आणि त्यांचं बोलणं आपल्याबद्दलचं सत्य आहे असं वाटणं थांबतं. एवढाच त्याचा उपयोग. छळ थांबवावा लागतोच.

एक बाजू इथंच सांगून टाकते. टोमण्यात जात आली, 'कोट्यातनं आलीस' असं कुणी म्हणालं, तर ते वॉर्डातलं राजकारण म्हणून सोडून देऊ नकोस. १९०२ साली शाहू महाराजांनी याच कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्या गावात आज एखादी मुलगी हे ऐकून मान खाली घालते, याचं मला फार वाईट वाटतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा असा अपमान चारचौघांत केला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो.

आता आधाराकडे येते, कारण तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलं ते डब्याचं. इन्चार्ज बोलली हे एक वेळ सोसता येतं. मैत्रिणी दूर सरकल्या की माणूस खचतो.

कामाचा भार जास्त, हातात अधिकार कमी, ही जोडी माणसाला आजारी पाडते हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी स्वीडनमधल्या १३,७७९ काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची माहिती तपासून त्यात तिसरी गोष्ट घातली, सहकाऱ्यांचा आधार. भार जास्त, अधिकार कमी आणि आधारही कमी, अशा लोकांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. हे मनाचे चोचले नाहीत, हृदयापर्यंत पोचणारी गोष्ट आहे.

पण आधार म्हणजे काय? 'स्ट्राँग हो', 'मनावर घेऊ नको', 'देवावर सोड' हे बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणारीला मात्र पुन्हा एकटं वाटतं. मला उपयोगी पडलेली विभागणी जेम्स हाउस यांची आहे, १९८१ ची. त्यांनी आधाराचे चार प्रकार सांगितले. मी ते आपल्या वॉर्डाच्या भाषेत सांगते. 'तू जा, चहा पिऊन ये, तुझा बेड मी दहा मिनिटं बघते' हा प्रत्यक्ष हातभार. 'या व्हेंटिलेटरचा अलार्म असा वाजला तर आधी नळी बघ' ही माहितीची मदत. 'काल तू त्या नातेवाइकांशी छान बोललीस' ही कामाची खरी पावती. आणि 'काय गं, डोळे का सुजलेत?' ही माया. आपल्याकडे चौथी गोष्ट थोडीफार मिळते, पहिली सगळ्यात कमी. माझ्या अनुभवात मुलीला वाचवते ती पहिलीच. मन भरून आलेलं असताना कुणी दहा मिनिटं बेड बघितला तर त्या दहा मिनिटांत जे होतं ते तासाभराच्या समुपदेशनानं होत नाही.

घरचा आधार आणि कामावरचा आधार एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. २००६ साली बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा मनाची ताकद संपण्याशी कामावरच्या आधाराचा संबंध जास्त जवळचा दिसला, आणि माणुसकी कोरडी होणं, आपण निरुपयोगी वाटणं यांच्याशी घरच्या आणि बाहेरच्या आधाराचा. मला ते पटतं. नाईट कोण कमी करणार? आई नाही, सहकारी आणि इन्चार्जच. पण तू चांगली आहेस, माणूस आहेस, हे रोज आठवण करून द्यायला घरचीच माणसं लागतात.

एक गोष्ट मैत्रिणींच्या गप्पांबद्दल. हॉस्टेलवर रात्री चौघी जमतात आणि दोन तास इन्चार्जची उणीदुणी काढतात. पहिली दहा मिनिटं मोकळं वाटतं, नंतर सगळ्याच जड होऊन झोपायला जातात. मी गटात बसते तेव्हा एक साधा नियम ठेवते. प्रत्येकीनं काय झालं ते सांगायचं, आणि शेवटी 'उद्या यातलं कोण काय करू शकतं' हे एक वाक्य बोलल्याशिवाय उठायचं नाही. कधी ते वाक्य 'उद्या ओव्हरच्या वेळी मी तुझ्याशेजारी उभी राहते' एवढंच असतं. पुरतं.

तुझ्या बरोबरच्या मुली वाईट नाहीत असं मी समजून चालते. त्या घाबरल्यात. जिच्यावर रोख आहे तिच्याशेजारी बसलं तर रोख आपल्यावर वळेल, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. सगळ्यांकडे एकदम जाऊ नकोस. तू एका ब्रदरचा, म्हणजे पुरुष नर्सचा, उल्लेख केलायस, जो तुला न सांगता कधीकधी तुझ्या बेडचं सक्शन करून ठेवतो. त्याच्यापासून सुरू कर. ड्युटी संपल्यावर, बाहेर, शांतपणे त्याला सांग, "दादा, मला तुमच्याकडून भांडण नकोय. मॅडम बोलतील तेव्हा तुम्ही फक्त तिथून निघून जाऊ नका." साक्षीदार उभा असला की बोलणाऱ्याची जीभ थोडी आवरते. आणि पुढं लागलं तर 'मी तिथं होतो' म्हणणारं कुणीतरी असतं.

मग इन्चार्जशी बोलायचं. राउंडच्या गडबडीत नको, नाईट संपवून डोळे जड झालेत तेव्हा तर नकोच. दुपारी, शांत वेळ बघून. लांबण लावू नकोस. "मॅडम, माझी चूक झाली तर मला आत बोलवून सांगा, मी सुधारते. नातेवाइकांसमोर बोललं की ते माझ्या हातून इंजेक्शन घ्यायला नको म्हणतात, पेशंटचं नुकसान होतं." आणि नाईटचं वेगळं, आकडा घेऊन, "या महिन्यात माझ्या चौदा लागल्यात, पुढच्या लिस्टमध्ये सारख्या करता येतील का?" दहापैकी चार-पाच वेळा एवढ्यानं फरक पडलेला मी पाहिलाय, कारण समोरच्या बाईला आजवर कुणी सरळ सांगितलेलंच नसतं. उरलेल्या वेळा फरक पडत नाही, तेव्हा पुढची पायरी.

आजपासून एक वही कर. तारीख, वेळ, नेमके शब्द (आपल्या भाषेत सारांश नको, त्या जे बोलल्या तेच), कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. वही घरी ठेवायची. पेशंटची नावं, केसपेपरचे फोटो त्यात नकोत, ती दुसरी चूक होईल आणि तिचाच तुझ्याविरुद्ध वापर होईल. व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेव, पण ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. एक महिन्याची वही झाली की मेट्रनना, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांना, लेखी दे. 'मॅडम मला त्रास देतात' असं लिहू नकोस, अमुक तारखेला अमुक झालं असं लिही. स्वभावाबद्दलच्या तक्रारीवर वाद घालता येतो, घटना मात्र तपासावी लागते. आणि पोच घे, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह. तोंडी तक्रार हवेत जाते.

कामाच्या ठिकाणच्या नुसत्या छळासाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही, हे खरंय. पण त्रासाला लैंगिक वळण असेल, शरीरावरून, कपड्यांवरून, डबल मीनिंगचं बोलणं असेल, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. छोट्या दवाखान्यात समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नातेवाइकांनी हात उगारला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. तेव्हा रुग्णालय 'मिटवून टाका' म्हणालं तरी तुझा जबाब तू लेखी दे.

मेट्रन किंवा व्यवस्थापन यांच्यासमोर बसायची वेळ आली तर त्यांना पटेल अशी एक गोष्ट सांगते. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ गटांवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुदतीपूर्वी जन्मलेलं बाळ अचानक बिघडतं असा सराव द्यायचा. काही गटांना बाहेरचा तज्ज्ञ म्हणून आलेल्या माणसानं आधी टोचून बोलायचं, बाकीच्यांशी साधं बोलायचं. ज्यांना टोचून बोललं गेलं त्यांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तर लोकांनी एकमेकांना माहिती सांगणं कमी केलं होतं आणि मदत मागणं कमी केलं होतं. एका उद्धट वाक्याचा एवढा परिणाम. 'मॅडमना विचारलं तर ओरडतील' म्हणून मुलगी डोस न विचारता देते, तेव्हा मरण पेशंटचं असतं. मुलींच्या दुःखानं जे व्यवस्थापन हलत नाही ते या मुद्द्यावर हलतं, असा माझा अनुभव आहे. आणि डॉक्टरांवरच्या अभ्यासांतही हेच दिसलंय की व्यक्तीला ताण सोसायला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलली की जास्त फायदा होतो. योगाचं शिबिर घेऊन चौदा नाईट तशाच ठेवल्या तर काय उपयोग?

आता नोकरी सोडण्याचं. नाईट करून आल्या दिवशी राजीनामा लिहू नकोस, एवढी एकच सक्त सूचना. सोडणं म्हणजे हरणं, असं मी मानत नाही. मी स्वतः एकदा सोडलीय. बोलून झालं, लेखी झालं, आणि दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही, तर दुसरी जागा बघ. जाताना अनुभवाचा दाखला लेखी माग आणि मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेतली असतील तर ती मागणीही लेखी कर. नव्या जागी पगार विचारायच्या आधी सकाळची ओव्हर बघायला मिळते का ते बघ. नाईटची मुलगी बोलत असताना बाकीच्या तिच्याकडे बघतात की घड्याळाकडे? सगळ्यात जुनी स्टाफ नर्स किती वर्षांची आहे ते विचार. जिथं दोन वर्षांवर कुणी टिकलेलं नाही तिथं दहा हजार जास्त देत असले तरी जाऊ नकोस.

आणि हे नीट वाच. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, ड्युटीला निघताना छातीत धडधड होत असेल, किंवा नसावंच आपण असा विचार एकदा जरी आला असेल, तर वही, तक्रार, सगळं बाजूला ठेव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 'नर्स असून इथं?' असं वाटून घेऊ नकोस. ताप आला तर आपण गोळी घेतोच ना. आणि असे विचार येत असतील तर आयसीयूतून काही दिवस ड्युटी बदलून माग. औषधांच्या कपाटाजवळ अशा मनानं एकटीनं रात्र काढू नये. हे मी भीती घालायला लिहीत नाही. मी एक मुलगी गमावलीय, आणि त्या महिन्यात तिची ड्युटी लिस्ट माझ्याच हातची होती.

तू लिहिलंयस की रजा मागायला भीती वाटते. तरी चार दिवस माग, लेखी, कारणात 'घरगुती' लिही. गावी जा. आईला सांगताना 'त्रास आहे' एवढंच सांगू नकोस. ड्युटी लिस्ट तिच्यासमोर ठेव, चौदा नाईट बोटानं मोजून दाखव, एका रात्रीत किती पेशंट, किती इंजेक्शनं, कुणाची कूस बदलायची, कोण गेलं, ते सगळं सांग. आजोबांचं पण सांग. ती 'कळ काढ' म्हणते कारण तिच्या डोळ्यासमोर पांढरा युनिफॉर्म आणि पंख्याखालची खुर्ची आहे. तिनं शेतात राबून तुला शिकवलंय, तिला कष्ट कळतात. फक्त हे कष्ट तिनं पाहिलेले नाहीत.

परत आलीस की कळव. त्या ब्रदरशी बोललीस का, आणि तो काय म्हणाला, ते आधी लिही.